फोन आणि इअरबडवर कान तपासायचे कसे, आणि त्यातलं किती खरं धरायचं

चष्म्याचा नंबर वाढला की माणूस फार दिवस थांबत नाही, दुकान गाठतो. कान कमी झाले की मात्र आधी टीव्हीचा आवाज वाढतो, मग फोन कायमचा स्पीकरवर जातो, आणि ‘हल्ली सगळे तोंडातल्या तोंडात बोलतात’ ही तक्रार सुरू होते. अशी वर्षं जातात. घरचेही ‘वय झालं, चालायचंच’ म्हणून सोडून देतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार जगात दर पाच माणसांमागे एकाला कमी-अधिक प्रमाणात ऐकण्याची अडचण आहे, म्हणजे दीडशे कोटी लोकांना. त्यातल्या ४३ कोटींना उपचाराची किंवा यंत्राची गरज आहे. वैद्यकीय क्षेत्रातल्या लॅन्सेट आयोगाने २०१७ पासून सातत्याने सांगितलंय की, उतारवयात स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या आणि ज्यांवर काही करता येतं अशा कारणांमध्ये बहिरेपण महत्त्वाचं आहे. त्यामुळे ‘चालायचंच’ हे उत्तर मला पटत नाही.

आपल्या बेळगाव भागात तर कानांवर मारा करणाऱ्या गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या आहेत. वडगाव, शहापूर, खासबागला घराघरांत पॉवरलूम चालले. उद्यमबाग आणि मच्छ्यात फौंड्री आणि मशीनशॉप. लूमच्या शेडमध्ये आवाज सहज ९० डेसिबलच्या वर जातो. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास, ही कान साधारण सुरक्षित राहण्याची मर्यादा मानतात. त्यावर दर तीन डेसिबलला ती वेळ निम्मी होते. म्हणजे ९४ डेसिबलला एक तास. आता ज्याने तीस वर्षं पाळी केली, त्याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. वर गणपतीच्या मिरवणुकीतला डीजे आहेच.

अशा माणसाला ‘चला, कान तपासून घेऊ’ म्हटलं की तो उठत नाही. पण नातीच्या फोनवर, तिचेच इअरबड घालून, घरच्या कॉटवर बसून पाच-दहा मिनिटांत काहीतरी कळतं म्हटलं, की बसतो. या तपासणीचा खरा उपयोग हाच आहे, आणि तो लहान नाही. मात्र ती काय सांगू शकते आणि काय सांगू शकत नाही हे कळलं नाही, तर दोन्ही बाजूंनी फसगत होते: कान चांगले असताना घाबरायचं, नाहीतर दुखणं असताना ‘फोनवर सगळं हिरवं आलं’ म्हणून घरी बसायचं.

दवाखान्यात नेमकं काय करतात

आधी खरी तपासणी समजून घेऊ. ऑडिओमेट्री म्हणतात ती. आवाज बंद केलेल्या छोट्या खोलीत बसवतात, हेडफोन लावतात, हातात एक बटण देतात. ‘पीप’ ऐकू आला की बटण दाबायचं. आधी ज्या कानाने बरं ऐकू येतं तो कान घेतात, आणि बहुधा १००० हर्ट्झच्या आवाजापासून सुरुवात करतात. हर्ट्झ म्हणजे आवाजाची पट्टी. २५० हर्ट्झ हा खालच्या पट्टीतला, घुमणारा आवाज. ८००० हर्ट्झ हा वरच्या पट्टीतला, सुईसारखा बारीक. आवाज ऐकू आला की तो १० डेसिबलने कमी करतात. पुन्हा आला, पुन्हा १० ने कमी. ऐकू येईनासा झाला की ५ डेसिबलने वाढवतात. असं खाली-वर करत करत, ज्या पातळीवर माणूस निदान अर्ध्या वेळा तरी बटण दाबतो, ती त्या पट्टीपुरती त्याच्या ऐकण्याची सीमा. दोन्ही कानांसाठी, २५० पासून ८००० पर्यंत, एकेक पट्टी घेत ही सीमा शोधतात.

शून्य डेसिबल म्हणजे आवाजच नाही, असा समज असतो. ऑडिओमेट्रीतलं शून्य म्हणजे निरोगी तरुण कानांना जेमतेम ऐकू येणारा आवाज. तुमचा आकडा ४० आला, तर त्या तरुणाला जो आवाज शून्यावर कळतो तो तुम्हाला ४० डेसिबल वाढवल्यावर कळतो. आणि डेसिबलची शिडी सरळ गुणाकाराची आहे: दर १० डेसिबलला आवाजाची शक्ती दहापट होते. ४० म्हणजे चाळीसपट नव्हे, दहा हजारपट.

निकाल एका आलेखावर येतो, त्याला ऑडिओग्राम म्हणतात. आडव्या रेषेवर पट्टी, उभ्या रेषेवर डेसिबल. हा आलेख उलटा असतो: शून्य वर आणि १०० खाली. जितकी रेघ खाली, तितकं ऐकणं कमी. उजव्या कानाच्या खुणा तांबड्या गोलाच्या, डाव्या कानाच्या निळ्या फुलीच्या. जगभर हेच. रिपोर्टवरची छापील अक्षरं कन्नडमध्ये असोत वा इंग्रजीत, तांबडा गोल आणि निळी फुली कोणालाही वाचता येते. म्हणून मी सगळ्यांना सांगतो, दवाखान्यातून नुसतं ‘मशीन लागेल’ एवढं ऐकून येऊ नका, तो आलेखाचा कागद मागून घ्या.

फोन कुठे कमी पडतो

फोनवरचं अॅपही असेच पीप वाजवतं. फरक असा की, दवाखान्यातल्या यंत्राला ठरलेला हेडफोन असतो आणि त्याचा आवाज दरवर्षी मोजून नीट लावून घेतात. पडद्यावर ३० डेसिबल दिसलं तर कानात तितकाच आवाज जातो, याची खात्री असते. तुमच्या फोनला जोडलेले हजार-दीड हजाराचे इअरबड अॅपला ठाऊकच नसतात. अॅपच्या अंदाजाने ३० डेसिबल गेलेला आवाज तुमच्या कानात २० असेल, नाहीतर ४०.

शिवाय वायरलेस इअरबडच्या स्वतःच्या खोडी आहेत. बॅटरी वाचवण्यासाठी काही इअरबड शांतता झाली की आतला अॅम्प्लिफायर झोपवतात. मग हलका, छोटा पीप आला की त्याची सुरुवात कापली जाते. ऐकणाऱ्याला वाटतं, आपल्यालाच ऐकू आलं नाही. ब्लूटूथने आवाज पोचायला क्षणभर उशीर होतो, म्हणून घाईचं अॅप बरोबर दाबलेलं बटणही चुकीचं धरू शकतं. इक्वलायझर किंवा ‘बास बूस्ट’ चालू असेल तर काही पट्ट्या मुळातच फुगवलेल्या असतात. घरात जुना वायरचा इअरफोन असेल तर या कामाला तो बरा. तो नसेल तर वायरलेस चालेल, पण आवाजाची सगळी ‘इफेक्ट’ आणि बाहेरचा आवाज आत घेणारी सोय बंद करून.

सगळ्यात मोठी गडबड रबरी टोपीची. इअरबड कानात घट्ट बसला नाही की खालच्या पट्टीतला आवाज फटीतून निसटतो. २५० आणि ५०० हर्ट्झला आकडे खराब येतात, वरच्या पट्टीत ठीक येतात. असा आलेख दिसला तर कानाला दोष देण्याआधी टोपी बदलून बघा. डब्यात लहान-मोठ्या टोप्या येतात, त्या बहुतेक घरी तशाच पडून असतात.

खोलीतला आवाजही खालच्याच पट्ट्या खातो. पंखा, फ्रीज, बाजूच्या घरातला मिक्सर, रस्त्यावरची रिक्षा. खानापूर-जांबोटी पट्ट्यात पावसाळ्यात पत्र्यावर पाऊस पडत असताना ही तपासणी करूच नये. रात्री सगळं निवल्यावर करावी. आणि करंट गेला असेल तर त्यासारखी वेळ नाही: पंखा बंद, फ्रीज बंद, शेजारचा टीव्ही बंद.

महागड्या इअरबडमध्ये यातल्या काही अडचणींवर तोड निघाली आहे. अॅपलच्या एअरपॉड्स प्रो २ या इअरबडला आत वळलेला माइक आहे, त्यामुळे टोपी नीट बसली की नाही हे तो स्वतः ओळखतो. फोन आणि इअरबड एकाच कंपनीचे असल्याने आवाजाची पातळीही ठाऊक असते. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने याच इअरबडला श्रवणयंत्रासारखं वापरण्याच्या सॉफ्टवेअरला मान्यता दिली, ती १८ वर्षांवरच्या, सौम्य ते मध्यम अडचण असलेल्या लोकांपुरती. त्याला आयफोन किंवा आयपॅड लागतो आणि ही सोय प्रत्येक देशात सुरू असतेच असं नाही, म्हणून विकत घेण्याआधी दुकानातच विचारून घ्यावं. पण आपल्याकडच्या बहुतेक घरांत हा इअरबड नाही. जो आहे त्याच्यात काय करता येईल, ते बघू.

पासंग माहीत नसला तरी

बाजारात एखाद्याच्या तराजूला पासंग असला, तर तो किलोचा आकडा चुकीचा सांगतो. पण दोन पिशव्यांतली जड कोणती, हे तोच तराजू बरोबर सांगतो. घरच्या तपासणीतही हेच करायचं. आधी घरातल्या, ज्याचे कान चांगले आहेत अशा विशी-पंचविशीतल्या कोणाची तरी तपासणी करायची. मग तोच फोन, तेच इअरबड, तोच आवाज, तीच खोली ठेवून, मधे काहीही न बदलता, मोठ्या माणसाची. मग आकडा बघायचा नाही, दोघांमधला फरक बघायचा. काही अॅप हे काम स्वतःच करवून घेतात: सुरुवातीलाच ‘चांगले कान असलेल्या व्यक्तीकडून आधी चाचणी करून घ्या’ असं सांगतात.

वडगावच्या माझ्या काकांचं उदाहरण देतो. काकांनी उमेदीची सगळी वर्षं मागावर काढली. त्यांचं म्हणणं एकच होतं: “ऐकायला येतंय की रे. खरं बोललेलं कळत न्हाई.” आधी नातीने तपासणी केली. तिचे आकडे आले ५०० हर्ट्झला १५, १००० ला १०, २००० ला १०, ४००० ला १०. ५०० चा आकडा जरा जास्त, कारण खिडकीबाहेर गाड्या चालू होत्या. तो दोष खोलीचा. मग तिने अज्जाच्या कानात इअरबड बसवले, टोपी बदलून मोठी घातली, आणि डोळे मिटून बसायला सांगितलं, म्हणजे ते पडद्याकडे बघून अंदाजाने बटण दाबणार नाहीत. काकांचे उजव्या कानाचे आकडे आले २०, २०, ३५ आणि ६५. फरक काढला: ५, १०, २५, ५५.

खालच्या पट्टीत काका आणि नात जवळजवळ सारखे. वरच्या पट्टीत पार दरी. डाव्या कानाचंही तसंच. ८००० ला नातीला अडचण नव्हती, काकांचा आकडा ६५ च्या आसपास. कारखान्याच्या आवाजाने बिघडलेल्या कानात बहुधा ४००० च्या आसपास खड्डा पडतो आणि ८००० ला रेघ थोडी वर येते. वयाने कमी झालेल्या कानात रेघ वरच्या पट्टीकडे उतरतच जाते. काकांच्या वयाला दोन्ही एकात एक मिसळलेलं असतं, आणि किती मागामुळे, किती वयामुळे, हे एका आलेखावरून वेगळं काढता येत नाही.

पण ‘ऐकायला येतंय, कळत नाही’ याचा उलगडा इथेच आहे. आपल्या बोलण्यातले स्वर, म्हणजे आ, ओ, ऊ, खालच्या पट्टीत असतात आणि दणकट असतात. स, श, त, ठ, क, फ ही व्यंजनं वरच्या पट्टीत आणि फार हलकी. स्वरांमुळे कोणीतरी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय हे कळतं ते व्यंजनांमुळे. काकांना ‘साठ’ आणि ‘आठ’ यांत फरक जाणवत नाही, ‘शाळा’ आणि ‘काळा’ यांतही नाही. म्हणून मोठ्याने ओरडून उपयोग होत नाही. ओरडताना स्वरच मोठे होतात. समोर येऊन, तोंड दिसेल असं, सावकाश बोललं तर जास्त कळतं.

एक सावधगिरी इथेच सांगतो. निकालाच्या पानावर अॅप एक सरासरी देतं आणि त्यावर ‘सौम्य’, ‘मध्यम’ असं लेबल लावतं. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ पासूनची पद्धत अशी: ५००, १०००, २००० आणि ४००० या चार पट्ट्यांची सरासरी, आणि तीही दोहोंतल्या बऱ्या कानाची. २० च्या आत ठीक, २० ते ३५ सौम्य, ३५ ते ५० मध्यम, ५० ते ६५ मध्यम-तीव्र, त्यापुढे तीव्र. काही अॅप अजून २५ ची जुनी सीमा धरतात, म्हणून एकाच कानाला दोन अॅप दोन नावं देतात. काकांची सरासरी ३५ येते, म्हणजे सौम्य आणि मध्यमच्या उंबरठ्यावर. पण नुसता ३५ हा आकडा बघणाऱ्याला ४००० चा ६५ दिसतच नाही. सरासरी बघू नका. रेघेचा उतार बघा.

बोललेलं कळतं का, हे वेगळं तपासावं लागतं

पीप ऐकू येणं आणि गडबडीत बोलणं कळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीसाठी जागतिक आरोग्य संघटनेचं एक फुकट अॅप आहे, हिअरडब्ल्यूएचओ, २०१९ च्या जागतिक श्रवण दिनाला, ३ मार्चला, सुरू झालेलं. त्यात पाठीमागे खरखर चालू असते आणि त्यातून तीन अंक बोलले जातात. ऐकलेले अंक दाबायचे. बरोबर आले की खरखरीच्या मानाने बोलणं आणखी हलकं होतं, चुकलं की ठळक. शेवटी शंभरपैकी गुण मिळतात: ७५ च्या वर चांगलं, ५० ते ७५ मध्ये असाल तर लक्ष ठेवा, ५० च्या खाली आलात तर तपासून घ्या.

या चाचणीची कल्पना मला फार आवडते. यात आवाज किती डेसिबलचा आहे याला महत्त्व नाही. बोलणं आणि खरखर यांच्यातलं प्रमाण महत्त्वाचं. दोन्ही एकाच इअरबडमधून जातात, म्हणून इअरबड महाग असो की स्वस्त, प्रमाण फारसं बदलत नाही. पीपच्या चाचणीतला पासंग इथे बाजूला राहतो.

इथे दुसरी अडचण मात्र उभी राहते: भाषा. पीपला भाषा नसते, अंकांना असते. आपल्याकडे मोबाइल नंबर ‘नाइन, एट, फोर’ असेच सांगतात, त्यामुळे बऱ्याच जणांना इंग्रजी अंक चालतात. पण घरी बसलेल्या आज्जीला ‘सहा’ कळतं, ‘सिक्स’ ऐकून ते सहा आहे हे शोधायला एक क्षण जातो. तिचा गुण कमी आला तर तो कानाचा की इंग्रजीचा, हे कळणार नाही.

आणि सीमाभागात हे अॅपपुरतं राहत नाही. ज्या माणसाचं घर मराठीत चालतं आणि बाजार, बँक, बस कन्नडमध्ये चालतात, त्याचे कान कमी झाले की त्याची अडचण आधी कन्नडमध्ये दिसते. कारण सरळ आहे. आईच्या भाषेत निसटलेलं व्यंजन मेंदू अंदाजाने भरून काढतो; वाक्य कुठे जाणार हे त्याला सवयीने ठाऊक असतं. दुसऱ्या भाषेत हा भरणा कमी पडतो, आणि भोवती गोंगाट असेल तर फारच कमी. मग कंडक्टरने गाव पुकारलं ते कळत नाही, काउंटरवरचा माणूस काय म्हणाला ते कळत नाही. घरचे म्हणतात, “अज्जा कन्नड विसरला.” चाळीस वर्षं बोललेली भाषा अशी विसरत नाहीत. वयस्क माणूस अचानक कन्नडमधल्या कामाला एकटा जायला टाळू लागला, सोबत कोणीतरी हवंच म्हणू लागला, तर मी आधी कान तपासायला सांगेन.

ज्यांना इंग्रजी अंक जमत नाहीत त्यांच्यासाठी एक जुनी, बिनफोनची तपासणी आहे. डॉक्टरही ती करतात. माणसाच्या मागे, हातभर अंतरावर उभं राहायचं. त्याने एका कानाच्या तोंडाशी असलेल्या छोट्या कूर्चेवर बोट दाबून ते हलकं हलकं चोळत राहायचं, म्हणजे तो कान मधे येत नाही. तुम्ही श्वास पूर्ण सोडून उरलेल्या हवेवर कुजबुजायचं: “सात, क, तीन.” तिन्ही बरोबर सांगितले तर तो कान ठीक. चुकले तर वेगळे तीन घ्या. सहापैकी तीनदेखील बरोबर आले नाहीत, तर त्या कानाची नीट तपासणी हवी. श्वास सोडून बोलणं महत्त्वाचं, नाहीतर प्रत्येकाची कुजबूज वेगवेगळी होते. यात इअरबड लागत नाही, आणि ज्या भाषेत माणूस विचार करतो तीच भाषा वापरता येते.

जे इअरबडला दिसणारच नाही

कान कमी होण्याचे दोन मोठे प्रकार आहेत. एकात आवाज आत पोचतच नाही: मळ साचलाय, पडद्याला भोक आहे, पडद्यामागे पाणी झालंय, कान वाहतोय. दुसऱ्यात आवाज पोचतो पण आतली नस किंवा आतल्या कानातल्या शंखासारख्या भागातल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशी काम करत नाहीत. पहिल्यातलं बरंच काही औषधाने, साफ करून किंवा ऑपरेशनने सुधारतं. दुसऱ्याला बहुधा यंत्र लागतं. दोन्हींत इअरबडवरचे आकडे सारखेच खराब येऊ शकतात.

हा फरक कळण्यासाठी दवाखान्यात कानामागच्या हाडावर एक छोटं कंपन देणारं यंत्र ठेवतात. आवाज बाहेरच्या कानाला वगळून थेट आत जातो. हाडातून छान ऐकू आलं आणि हेडफोनमधून आलं नाही, तर अडचण बाहेरच्या किंवा मधल्या कानात. हे काम इअरबड करू शकत नाही. दोन कानांत मोठा फरक असेल तर आणखी एक भानगड होते: वाईट कानात मोठा आवाज दिला की तो कवटीतून पलीकडच्या चांगल्या कानापर्यंत पोचतो आणि तोच कान ‘ऐकलं’ म्हणून सांगतो. तंत्रज्ञ त्या वेळी चांगल्या कानात मुद्दाम खरखर सोडतात. घरच्या अॅपमध्ये ही सोय बहुधा नसते, त्यामुळे एका बाजूचं बहिरेपण खऱ्यापेक्षा कमी दिसतं. खरखरीतल्या अंकांची चाचणीही मळाने बंद झालेल्या कानाला पास करू शकते, कारण फोनचा आवाज वाढवला की त्याला सगळं ऐकू येतं.

काकांच्या कानात डॉक्टरांना आधी मळच दिसला. तो काढला, मग ऑडिओमेट्री केली. ५०० आणि १००० चे आकडे थोडे सुधारले, ४००० चा होता तिथेच राहिला. हाडातूनही तितकाच कमी आला, म्हणजे दोष आतला.

मळ दिसला म्हणून घरी काडी, हेअरपिन, गरम तेल यातलं काहीही करू नका. मळ कान स्वतः बाहेर ढकलतो. काडीने तो आणखी आत जाऊन बसतो. आणि कान वाहत असेल तर त्यात इअरबड घालूच नका, तपासणीसाठीही नाही. सर्दीने कान गच्च असताना, किंवा मिरवणुकीत डीजेसमोर नाचून आल्यावर घेतलेली चाचणीही खरी नसते. मोठ्या आवाजानंतर ऐकणं काही काळ कमी होतं. एक रात्र आणि त्यापुढचा अर्धा दिवस शांततेत जाऊ द्यावा.

एका गोष्टीत मात्र फोनला हातच लावायचा नाही. सकाळी उठलात आणि एक कान बंद, किंवा दोन-तीन दिवसांत एका कानाने ऐकणं एकदम घटलं, तर ते तातडीचं दुखणं आहे. याला लवकर स्टिरॉइड दिलं तर ऐकणं परत येण्याची शक्यता असते, आणि ही शक्यता दिवसागणिक कमी होते. ‘सर्दीने बसला असेल’ म्हणून आठवडा काढू नका. त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. एकाच कानात सतत शिट्टी वाजणं, चक्कर, कानातून रक्त किंवा पू, यांतलं काही असलं तरी तसंच. आणि लहान मुलांची तपासणी या पद्धतीने करू नये, त्यांच्यासाठीची यंत्रं वेगळी आहेत.

फोनचा निकाल घेऊन पुढे कुठे

नातीशी तुलना करून एखाद्या पट्टीत २० पेक्षा जास्त फरक आला, दोन कानांत १५ पेक्षा जास्त फरक आला, किंवा आकडे ठीक आले पण बोलणं कळत नाही, तर दवाखाना गाठायचा, असा माझा हिशेब आहे. पाच-दहा डेसिबलचा फरक मनावर घेऊ नका. दवाखान्यातही त्याच माणसाची दुसऱ्या दिवशी तपासणी केली तर पाचाचा फरक पडतो. फोनच्या निकालाचा स्क्रीनशॉट तारखेसह ठेवा. सहा महिन्यांनी तोच फोन, तेच इअरबड, तीच खोली घेऊन पुन्हा करा. रेघ खाली सरकली का, एवढंच बघा. मागावर किंवा फौंड्रीत आजही कामाला असलेल्यांनी तर हे नक्की करावं, आणि कानात प्लग घालूनच पाळी करावी.

बेळगावात जिल्हा रुग्णालय बिम्सचं, म्हणजे इथल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं आहे, तिथे कान-नाक-घसा विभाग आहे. केंद्र सरकारचा बहिरेपणा प्रतिबंध कार्यक्रम २००७ च्या सुमारास सुरू झाला, त्यात जिल्हा रुग्णालयांतून तपासणी आणि उपचाराची सोय करण्याचा उद्देश आहे. म्हैसूरला १९६५ पासूनची अखिल भारतीय वाचा व श्रवण संस्था आहे, या विषयातली देशातली मोठी संस्था. म्हैसूर लांब पडतं, पण ज्या घरात मूल जन्मतः ऐकत नाही किंवा निदान गुंतागुंतीचं आहे, त्यांनी या संस्थेबद्दल डॉक्टरांना जरूर विचारावं.

अपंगत्वाच्या दाखल्यासाठी फोनचा निकाल चालत नाही. २०१६ च्या कायद्यानुसार दोन्ही कानांत बोलण्याच्या पट्ट्यांमध्ये ६० ते ७० डेसिबल घट असेल तर ‘कमी ऐकू येणारी व्यक्ती’ आणि ७० असेल तर ‘बहिरी व्यक्ती’ असं धरतात, आणि ते सरकारी रुग्णालयातल्या तपासणीवरूनच ठरतं. अपंगांना साधनं देणाऱ्या केंद्र सरकारच्या अॅडिप योजनेतून गरजूंना श्रवणयंत्र मिळतं, त्यालाही हे कागद लागतात.

तपासणीची तारीख लांबली असेल तर मधल्या काळात तोच फोन थोडा आधार देतो. अँड्रॉइडवर साउंड अॅम्प्लिफायर, आयफोनवर लाइव्ह लिसन: फोन टेबलावर बोलणाऱ्याजवळ ठेवायचा, इअरबड कानात, म्हणजे फोनच्या माइकवर आलेलं बोलणं कानात मोठं ऐकू येतं. लाइव्ह लिसनला अॅपलचे इअरबड लागतात. ब्लूटूथमुळे आवाज ओठांच्या जरा मागे पडतो, ते सवयीने जमतं. अँड्रॉइडवर हे वायरच्या इअरफोनने जास्त बरं चालतं. काकांना आम्ही हे पंगतीत लावून दिलं. समोरच्या माणसाचं बोलणं त्यांना कळलं, पलीकडच्या टोकाचं नाही, कारण फोन समोर होता. मग नातीने फोन उचलून तिकडे नेऊन ठेवला.